यादी आईची, सुट्टी तुमची

सुट्ट्यांचा सीझन जवळ आलाय हे पत्रांवरून लगेच कळतं. या वेळची बरीचशी पत्रं घरी जाण्याबद्दलचीच होती, त्यातली चार घेतलीयत.

प्रश्न : बरीच वर्षं परदेशात आहे, दोन-अडीच वर्षांनी एकदा घरी जाणं होतं. आईकडे यादी तयारच असते, काका, मावश्या, आत्या, चुलतभाऊ, शेजारचे, सगळे. मागच्या वेळी प्रत्येकाकडे अर्धा तास बसून आलो, परत येताना कोणाशीच धड बोललो नाही असं वाटत होतं आणि वर दोघं-तिघं रुसलेच. या वेळी काय वेगळं करू?

उत्तर : आधी घरोघरी फिरणं बंद करा. अर्ध्या तासाच्या भेटीत "कधी आलास, कधी जाणार, वजन वाढलं" एवढंच होतं आणि निम्मा वेळ चपला घालण्या-काढण्यात जातो. त्यापेक्षा यादीचे दोन भाग पाडा. ज्यांना बाहेर पडणं जमत नाही, म्हणजे खूप वय झालेले, आजारी, आणि तुम्ही नसताना ज्यांच्या घरात कोणी गेलं ते, त्यांच्याकडे तुम्ही जायचं, एकेकट्याकडे, घाई न करता, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत म्हातारी माणसं थकलेली असतात. बाकी सगळ्यांना एका दिवशी एका घरी बोलवायचं. भावंडांना तर हेच जास्त आवडतं, त्यांचीही आपापसात वर्षभर भेट झालेली नसते, तुमचं निमित्त होतं फक्त.

पहिले दोन दिवस मात्र कोणालाच देऊ नका. साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस, या हिशोबाने शरीर नव्या वेळेला रुळतं, म्हणजे आठ-दहा तासांचा फरक असेल तर पहिला आठवडा तुम्ही दुपारी पेंगणार आणि रात्री टक्क जागे. अशा अवस्थेत आत्याकडे गेलात तर "आला आणि जांभया देत बसला" हे पुढच्या ट्रिपपर्यंत ऐकावं लागेल.

राहिला रुसवा. तो होणारच, पण बहुतेक वेळा माणूस भेटला नाही याचा राग कमी असतो आणि तो येऊन गेला हे तिसऱ्याकडून कळलं याचा जास्त. ज्यांच्याकडे जाणं जमणार नाही त्यांना पोचल्यापोचल्या स्वतः फोन करा आणि सरळ सांगा की या वेळी जमत नाहीये. निघायच्या आदल्या रात्री केलेला फोन उपयोगाचा नाही, तो उरकलेलाच वाटतो. आणि आईला एवढंच विचारा की कुठलं एक घर चुकवलं तर तिला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल, तिथे मुकाट्याने जाऊन या.

प्रश्न : कॉलेजातली माझी जवळची मैत्रीण, भांडण वगैरे काही नाही, मीच मेसेजला उत्तर द्यायचं राहून गेले आणि मग इतका उशीर झाला की लाजच वाटायला लागली. आता तिच्याच शहरात जातेय. मेसेज करू का? तिला विचित्र वाटेल ना?

उत्तर : करा, आजच करा. हा अडखळा तुमच्या एकटीचा नाहीये. लारा अ‍ॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात लोकांना जुन्या मित्राला मेसेज लिहायला आणि पाठवायला वेळसुद्धा दिला होता, नंबर होता, इच्छा होती, तरी पाठवणारे तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी निघाले. गंमत म्हणजे आधी दोन-चार मिनिटं सध्याच्या मित्रमैत्रिणींना मेसेज करायला लावले की हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. तेव्हा आधी बहिणीला काहीतरी फालतू पाठवा आणि त्याच झोकात मैत्रिणीला. 2022 च्या एका अमेरिकन अभ्यासात तर असं दिसलं की अनपेक्षित आठवण काढल्याचं समोरच्याला किती बरं वाटतं याचा आपला अंदाज नेहमी कमीच पडतो.

मेसेजमध्ये माफीचं पुराण नको, ते वाचून तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. "उत्तर द्यायचं राहिलं, चूक माझी. अमुक तारखेपासून तिकडे आहे, शनिवारी किंवा मंगळवारी भेटशील?" बस. "भेटूया कधीतरी" लिहू नका, ते कधीतरी कधीच येत नाही. आणि भेटल्यावर ती थोडी तुटक वाटली तर लगेच मनाला लावून घेऊ नका, तिलाही सावरायला अर्धा-पाऊण तास लागेल.

प्रश्न : चुलत्यांशी जमिनीवरून बोलणं बंद आहे. मी एकटा जाऊन भेटलो तर घरचे चिडतील का?

उत्तर : चिडतील कदाचित. म्हणून लपून जाऊ नका, "भेटायला जातोय, जमिनीचा विषय काढणार नाही" असं आधी घरात सांगून जा आणि खरंच काढू नका. त्यांनी काढला तर ऐकून घ्या, शब्द देऊ नका. सुट्टीवर असताना कुठल्याही कागदावर सही नाही, मग समोर कितीही प्रेमाने ठेवलेला असो.

प्रश्न : आजी आता सगळं विसरते, मला ओळखेल की नाही माहीत नाही. काय बोलू?

उत्तर : "ओळखलंस का मी कोण?" हे तेवढं विचारू नका, घरात येणारा प्रत्येक जण तिची ही परीक्षा घेतोच. जाऊन थेट नाव सांगा, अमक्याची मुलगी मी, आणि जवळ बसा. वय झालेल्या माणसांना साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी सगळ्यात ठळक असतात, विसरणं सुरू झालं तरी जुनं बरंच टिकून राहतं, त्यामुळे काल काय झालं ते सोडा आणि तिच्या मैत्रिणी, शाळा, धाकटी भावंडं यांच्याबद्दल विचारा. जुने फोटो न्या, एका वेळी एकच हातात द्या. ती नावं सांगेल ती फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, कारण ती सांगू शकणारं घरात दुसरं कोणी नसतं. साल चुकलं, नातं चुकलं तरी दुरुस्त करत बसू नका. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तिला विचारूनच, आणि फोन उशीजवळ ठेवून विसरून जा, तोंडासमोर धरला की बायका लगेच पदर सावरतात आणि गप्प होतात.