गाजर गवत खरोखरच बदलले आहे का?

प्रश्न : आमच्या वावरात पऱ्हाटीवर मावा, तुडतुडे, बोंडअळी असे सगळेच येते, धुऱ्यावरच्या गाजर गवताचे पान मात्र क्वचितच कुरतडलेले दिसते. किडीचा धाक नसल्यामुळे हे गवत पूर्वीपेक्षा माजले, असे गावातील जुनी माणसे म्हणतात. असे होऊ शकते का?
— एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : होऊ शकते, मात्र येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. गाजर गवत मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. त्याचे बी समुद्र ओलांडून आले आणि त्यावर पोसणारे किडे तिकडेच राहिले, म्हणून ते पहिल्याच पावसाळ्यापासून मोकाट वाढू शकले. त्यासाठी त्याने बदलण्याची गरज नव्हती.

जुनी माणसे म्हणतात तो माज निराळा, वाण बदलावे तसा. पानांत कडू द्रव्ये भरणे वनस्पतीला महाग पडते. शत्रूच नसेल, तर तो खर्च वाचवून उंची आणि बियांवर लावणाऱ्या रोपांची संतती पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते, अशी कल्पना ब्लॉसी आणि नॉटझोल्ड या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडली. ती तपासण्याची रीत आपण दोन वाणांची तुलना करतो तशीच आहे : मायदेशाचे आणि परदेशात रुजलेले बी एकाच मातीत शेजारी शेजारी लावायचे. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या टॅलो या झाडाबाबत टेक्सासमध्ये १४ वर्षे असे करून पाहिले, तेव्हा अमेरिकेत रुजलेल्या वाणाची झाडे मोठी झाली, पण त्यांच्या पानांचा किडीपासूनचा बचाव कमकुवत निघाला.

मग गाजर गवताने विष बनवणे सोडून दिले का? निंदणाऱ्या बायांच्या हातांना सुटणारी खाज याचे उत्तर देते. त्याचे खास किडे मागे राहिले, तरी मिळेल ते खाणारे नाकतोडे आणि गुरे येथेही आहेत, आणि त्यांच्यापुढे पार्थेनिन या त्याच्या विषारी द्रव्याचा कडूपणा आजही कामाचा आहे. धुऱ्यावरच्या गर्दीचे श्रेय मी तरी आधी एकेका झाडाच्या हजारो बियांना देईन.

शत्रू परत भेटला, की चक्र उलटेही फिरते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या रानटी पार्सनिप या वनस्पतीला तिची खास अळी एकोणिसाव्या शतकात तेथे गाठू शकली, आणि जतन केलेल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहता, त्यानंतरच्या झाडांत विषारी द्रव्ये वाढलेली आढळली. आपल्याकडे गाजर गवतावर पोसणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. तो उन्हाळ्यात मातीत दडून राहतो; तेव्हा ऑगस्टमध्ये पाने उलटून पाहा, तपकिरी रेघांचे मळकट पांढरे भुंगे दिसल्यास त्या धुऱ्यावर कीटकनाशक उडू देऊ नये.