वाचकांचे प्रश्न : हेल्मेट गाडीपाशी ठेवताना

प्रश्न : मी रोज ठाणे स्थानकाजवळ मोटारसायकल लावून लोकलने मुंबईला जातो. हेल्मेट डब्यातल्या गर्दीत नेणे अवघड जाते आणि आरशावर अडकवावे, तर चोरीची भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आरशावर हेल्मेट कधीही अडकवू नये, कारण ते सहज उचलता येते, आणि शिवाय आरशाच्या टोकाने आतल्या थर्मोकोलसारख्या थराला खळगा पडतो, अपघातात धक्का शोषून घेणारा थर नेमका तोच असतो.

बऱ्याच गाड्यांना सीटखाली किंवा बाजूला हेल्मेटसाठी हूक असतो. आपल्या गाडीला तो आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. मात्र हुकात अडकतो तो हनुवटीखालचा पट्टा, आणि पट्टा ब्लेडने क्षणात कापता येतो. म्हणून तुमचे हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे असेल, तर प्लास्टिकचे आवरण असलेली पोलादी केबल काचेच्या उघड्या भागातून आत घालून खालून बाहेर काढावी, म्हणजे ती हनुवटीच्या कडेभोवती बसते, आणि मग गाडीच्या मागच्या लोखंडी कठड्याला किंवा चौकटीला कुलूप लावावे. अर्धे हेल्मेट असल्यास पट्ट्यावाचून पर्याय नाही. ते सोबत नेलेलेच बरे.

पावसाळ्यात हेल्मेटची डोके घालायची बाजू खाली राहील असे बांधावे, नाहीतर संध्याकाळी अस्तर चिंब भिजलेले मिळते. पट्टा कापलेला आढळल्यास गाठ मारून ते हेल्मेट वापरू नये. आयएसआय चिन्हाचे नवे घ्यावे.