रुग्णालयाच्या कचेरीतील काम: दीड लाख भरण्यापूर्वी

डिचोलीहून पत्र लिहिणाऱ्या भगिनीस,

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या वाणिज्य शाखेतून बारावी झाली आहे, तिला रुग्णालयात काम करायचे आहे पण रक्त पाहवत नाही, आणि एक खासगी संस्था ‘रुग्णालय व्यवस्थापन’ या एका वर्षाच्या पदविकेसाठी नोकरीची हमी देऊन दीड लाख रुपये मागत आहे; ते भरावेत का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की आत्ता भरू नयेत.

बारावीनंतरच्या एका वर्षात कोणी व्यवस्थापक होत नाही. त्यासाठी पदवी आणि पुढे बहुधा पदव्युत्तर शिक्षण लागते. तिला सुरुवातीला काम मिळेल ते नोंदणीच्या खिडकीवर, बिलिंगमध्ये, विमा कक्षात किंवा रेकॉर्ड रूममध्ये, आणि ते मुळीच हलके नाही. आपल्या गोव्यात एकाच घरातील ‘नाईक’ आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, तर जुन्या पोर्तुगीज वळणाच्या जन्मदाखल्यावर दुसरे असते. केसपेपर, विमा कार्ड आणि आधार यांवरील नाव जुळले नाही तर दावा अडतो, आणि घरी जायला निघालेला रुग्ण खाटेवरच ताटकळतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. परंतु खिडकीवरच्या व्यक्तीने कागद नीट लावले तरच त्याचा लाभ घरापर्यंत पोहोचतो. म्हणूनच या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तिने पदवीसाठी प्रवेश घ्यावा आणि सोबत संगणकावरील टंकलेखन, एक्सेल व वैद्यकीय परिभाषा शिकावी. आजारांना सांकेतिक क्रमांक देण्याची आयसीडी-१० ही पद्धत, जन्ममृत्यूची 21 दिवसांत करायची नोंद, मागणी झाल्यास 72 तासांत रुग्णाला कागदपत्रे देण्याचा नियम आणि रुग्णाची माहिती बाहेर न बोलण्याची शिस्त, हे सारे तिला मन लावून केल्यास वर्षभरात आत्मसात करता येईल. सरकारी लिपिकपदासाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक असते आणि मराठी येणे इष्ट मानले जाते. घरी दोन्ही भाषा बोलल्या जात असतील तर ही तिची मोठी जमेची बाजू आहे, कारण घाबरलेल्या आजीला तिच्या भाषेत फॉर्म समजावून सांगणे हा या नोकरीचा गाभाच आहे.

त्याआधी एक करावे. एखाद्या सकाळी तिला घेऊन बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात जावे, नोंदणीच्या रांगेजवळ दोन तास बसावे, आणि त्या गर्दीत खिडकीपलीकडे बसायला तिला आवडेल का, हे तिलाच विचारावे. त्या संस्थेकडे मात्र मागील वर्षीचे विद्यार्थी आज कोणत्या रुग्णालयात, कोणत्या पदावर आहेत, याची लेखी माहिती मागावी. ती मिळाल्यास मला अवश्य पाठवावी. शुल्काविषयी आपण पुन्हा विचार करू.