पेशीवर चमक आली, म्हणजे कण आत गेला का?

प्रश्न: मोनोओलीन या लिपिडचे (मेदासारख्या रेणूचे) क्युबोसोम, म्हणजे आतून घनरचना असलेले सूक्ष्म कण, प्लुरोनिक एफ-१२७ या पॉलिमरने स्थिर करून त्यात नाइल रेड हा चमकणारा रंग घातला. पेशींना दिल्यावर तासाभरात लाल चमक दिसली. क्यूसीएम-डीमध्ये (कंपणाऱ्या स्फटिकावरचं वस्तुमान मोजणारं उपकरण; वस्तुमान वाढलं की वारंवारता उतरते) सिलिकावरच्या पीओपीसी द्विस्तरावर (पेशीपटलाची नक्कल करणाऱ्या लिपिडच्या दुहेरी थरावर) तेच कण सोडले, तर वारंवारता आधी उतरली आणि मग हळूहळू चढली. कण पेशीत शिरले असं म्हणता येईल का?
— संशोधक विद्यार्थिनी, पाषाण, पुणे

उत्तर: एवढ्यावरून नाही. नाइल रेड कणाला बांधलेला नसतो. कण बाहेरच राहून रंग तेवढा पेशीपटलात उतरू शकतो. त्याऐवजी ऱ्होडामाइन हा रंग पक्का जोडलेलं पीई हे लिपिड वापरा. तेही शेवटी लिपिडच, त्यामुळे ४ अंशांवर अर्धा तास ठेवलेला नमुना सोबत हवाच. तिथे पेशीची गिळण्याची क्रिया थांबते. तरीही चमक दिसली, तर ती वर चिकटलेल्या कणांची किंवा लिपिडच्या देवाणघेवाणीची असू शकते.

क्यूसीएम-डीत आधी द्विस्तर तपासा. ५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर वारंवारता साधारण २५ हर्ट्झने उतरून स्थिरावली पाहिजे आणि डिसिपेशन (कंपनाची ऊर्जा विरण्याचं प्रमाण; थर मऊ असेल तर जास्त) ०.५ × १०⁻⁶च्या आसपास किंवा खाली हवं. ते २-३ × १०⁻⁶वर अडकलं, तर पुटिका (ज्या फुटून द्विस्तर बनतो त्या लिपिडच्या पोकळ पिशव्या) न फुटता तशाच बसल्या आहेत. बहुतेकदा दोष सिलिकाच्या स्वच्छतेचा असतो: २ टक्के एसडीएस (साबणासारखं द्रव्य), भरपूर शुद्ध पाणी, नायट्रोजनने वाळवणं, मग १०-१५ मिनिटं यूव्ही-ओझोन. फ्रिजमधलं बफर थेट सोडू नका. २५ अंशांवर त्यातून बुडबुडे सुटतात आणि आलेख नासतो.

वारंवारता चढून द्विस्तराच्या मूळ पातळीच्याही वर गेली, तर पृष्ठभागावरचं वस्तुमान घटलं आहे, म्हणजे पटलातलं लिपिड निघून गेलं आहे. पातळीच्या खालीच राहिली, तर काही कण किंवा मोनोओलीन पटलात उरलं असावं.

सगळ्यात जास्त चुकतं ते पॉलिमरच्या बाबतीत. एफ-१२७चा सगळा साठा कणावर बसत नाही. थोडा पाण्यात मोकळा राहतो आणि त्याचा मधला, पाणी टाळणारा भाग स्वतःच पटलाकडे ओढला जातो. म्हणून त्याच तीव्रतेचं नुसतं एफ-१२७ वेगळ्या द्विस्तरावर सोडून बघा. तो आलेख मूळ आलेखातून वजा करून मात्र भागत नाही, कारण कण आणि मोकळं पॉलिमर एकाच जागेसाठी झगडतात.

पेशींच्या प्रयोगात मोनोओलीनचा डोस वाढला की पटलच फाटतं, आणि फाटलेल्या पेशीत रंग सहज शिरतो. म्हणून चित्रं घेण्याआधी एलडीएच (पेशी फाटली की बाहेर येणारं एन्झाइम) किती गळतं ते मोजा. सीरम असताना आणि नसताना, दोन्ही नमुने ठेवा. सीरममधली प्रथिनं कणांवर चढतात. सीरममध्ये घातल्यावर कण घनरचनेत टिकले का, हे एसएएक्सएसवर (क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून आतली रचना दाखवणारी पद्धत) पाहा: एफ-१२७ असलेल्या मोनोओलीनमध्ये बहुधा √२ : √४ : √६ या प्रमाणातल्या अंतरांवर शिखरं मिळतात.