रिप्यूडिएट म्हणजे नेमकं काय? रिजेक्टपेक्षा वेगळं असतं का?

विमा कंपनीच्या पत्रात क्लेम 'रिप्यूडिएटेड' लिहून आलाय आणि डिक्शनरीत नुसतं 'नाकारणे' सापडतंय, म्हणून तुम्ही फरक विचारलाय. फरक आहे आणि मोठा आहे. समोर ठेवलेली गोष्ट घेतली नाही तर रिजेक्ट. आधीच अंगावर असलेली जबाबदारी, मग तो करार असो, कर्ज असो, 'आम्हाला मान्य नाही' म्हणून झटकली तर रिप्यूडिएट. मूळ लॅटिन शब्द सोडचिठ्ठीचा. 1918 साली रशियातल्या बोल्शेविक सरकारने झारच्या काळातली कर्जं फेडायला नकार दिला, त्याला इंग्रजीत हाच शब्द लावतात. म्हणून विम्याचं प्रपोजल, म्हणजे पॉलिसीसाठी केलेला अर्ज, रिजेक्ट होतं, क्लेम रिप्यूडिएट होतो. नोकरीच्या अर्जाला हा शब्द लावू नका.

आता आमचं सांगते, कारण या एका शब्दावरून आमच्या घरात आजही वाद होतो.

कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला आमचं वह्या-रजिस्टरांचं होलसेल दुकान आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगा आत शिरली. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. पाणी उतरल्यावर शटर वर जाईना. आत रजिस्टरं फुगून रॅकचे पत्रे वाकलेले, गठ्ठा ओढला की हातात नुसता लगदा, आणि आंबूस वास कपड्यांना बसायचा तो धुऊनही जात नव्हता. नुकसान मोजायला सर्व्हेअर आला, फोटो काढले, दोन्ही गाळ्यांचं माप घेऊन गेला. काही महिन्यांनी पत्र आलं, क्लेम रिप्यूडिएटेड. कारण काय, तर पॉलिसीवर एकाच गाळ्याचा सिटी सर्व्हे नंबर आहे आणि माल बहुतेक शेजारच्या गाळ्यात होता. मधली भिंत तर पॉलिसी घ्यायच्या कितीतरी आधी काढलेली. दुकान एकच, लाईट मीटर एकच.

आमचे थोरले दाजी इंग्रजीचे शिक्षक. घरात इंग्रजी कागद आला की तो त्यांच्याकडेच जातो. त्यांनी पत्र वाचलं आणि आबांना सांगितलं, "रिजेक्ट असतं तर काहीतरी बोलता आलं असतं. रिप्यूडिएट म्हणजे कायमचं. विषय संपला." शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आबांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मी बोलायला लागले तर दाजी म्हणाले, "तू यात पडू नकोस."

मी पडले. कंपनीने हात झटकले म्हणून करार संपतो कसा? तो शब्द कंपनीने स्वतः लिहिलाय. कंपनी त्या भांडणातली एक बाजू आहे, तिने स्वतःच्या बाजूने दिलेलं मत निकाल कसा होईल? शब्द जितका जड तितका माणूस घाबरून गप्प बसतो, आणि किती व्यापारी असे गप्प बसले असतील याचा विचार केला की मला आजही राग येतो.

कंपनीकडून सर्व्हे रिपोर्ट आणि मूळ प्रपोजल फॉर्मची प्रत लेखी मागितली. फॉर्मवर आबांच्या अक्षरात दोन्ही नंबर होते! पॉलिसी छापताना एकच उतरला होता. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे गेले, तिथून नकार आल्यावर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. फी नाही, वकील लागत नाही. लॉकडाऊनमुळे सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. दुसरा नंबर पॉलिसीवर का नाही, याचं उत्तर कंपनीच्या माणसाला देता आलं नाही. सर्व्हेअरने धरलेली रक्कम मिळाली. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तीस दिवसांत पाळावा लागतो.

दाजी आजही म्हणतात, तुमचं नशीब चांगलं. नशिबाचा संबंधच नाही. फॉर्म मागितला म्हणून पैसे मिळाले. जुलै 2021 ला पाणी परत आलं तेव्हा पॉलिसीवर दोन्ही नंबर होते, ते मी समोर बसून लिहून घेतले होते.

तुम्ही पत्रातलं कारण लिहिलेलं नाही, ते आधी नीट वाचा. पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय ते त्यात असलंच पाहिजे. आणि फॉर्ममध्ये खरंच काही लपवलं असेल तर कंपनीचंही बरोबर असू शकतं, तिथे माझी गोष्ट उपयोगाची नाही. लोकपालांकडे वैयक्तिक पॉलिसी चालतात, एकट्याच्या मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्याही चालतात, मोठ्या कंपनीच्या नाही. भरपाईची मर्यादा आता 50 लाख आहे. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत लोकपालांकडे जावं लागतं. ते चुकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. आयोगात आधीच केस टाकली असेल तर लोकपाल ती तक्रार घेत नाहीत, त्यामुळे आधी कुठे जायचं ते ठरवूनच अर्ज करा.