लिनक्सवर 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असं येतंय, फाइली उडवूनही जागा मोकळी होत नाही. सगळं फॉरमॅट करून परत इन्स्टॉल करू का?

नाही. निदान आज तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतो "वेळ कशाला घालवतोस, फॉरमॅट मार, तासाभरात सगळं नवं कोरं". हे वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण हेच शब्द मी एका सिनिअरच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की आता कुणीही म्हटलं तरी मला त्याचाच आवाज ऐकू येतो. तो कधीच नोकरी सोडून गेला पण वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, घाई असेल तर सरळ खाली कमांड्सपाशी जा.

तर आमच्याकडे एक सर्व्हर होता, त्यावर जावाचं एक ॲप्लिकेशन रात्रंदिवस चालायचं, बंद करायची सोय नाही कारण सगळ्यांचं काम त्याच्यावरच अडलेलं. हा सर्व्हर अधूनमधून भरायचा. भरला की आधी ॲप अडकणार, मग डेटाबेस लिहिणं बंद करणार, मग फोन सुरू. आणि गंमत अशी की डीएफ (df, डिस्क किती भरलीये ते सांगणारी कमांड) मारलं की १०० टक्के भरलेली डिस्क, आणि रूटवरून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, डीयू (du, फाइलींच्या साइजची बेरीज करणारी कमांड) मारलं तर बेरीज निम्म्यालाही पोचत नाही. म्हणजे तुमच्यासारखंच. सिनिअरचं निदान ठरलेलं, फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था) करप्ट झाली. उपाय पण ठरलेला, रात्री बसून फॉरमॅट, नवीन इन्स्टॉल, बॅकअप परत टाका, सकाळी साहेबांना मेल की सर्व्हर 'फ्रेश' केलाय. साहेब खूश, शाबासकी, काही महिने शांतता. मग परत तेच.

मी तेव्हा नवीन होतो, पण मला एक कळत नव्हतं की दर वेळी नेमकी तीच फाइलसिस्टिम करप्ट कशी काय होते. आणि करप्ट झाली असेल तर डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे मेसेज दाखवणारी कमांड) एक तरी एरर दिसायला नको? एकही ओळ नाही. शिवाय एक्स्ट ४ ला (ext4, लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) आत काही गडबड दिसली की बऱ्याच ठिकाणी ते स्वतःच रीड-ओन्ली होऊन बसतं, गुपचूप जागा खात बसत नाही. हे मी बोललो तर उत्तर काय, "जास्त खोलात जाऊ नकोस".

पुढच्या वेळी भरला तेव्हा मी म्हटलं फॉरमॅटच्या आधी मला अर्धा तास द्या. रूट (सगळे अधिकार असलेला युझर) होऊन एलएसओएफ (lsof, कुठल्या प्रोसेसने कुठल्या फाइली उघडल्यात ते दाखवणारी कमांड) चालवलं, त्याला अधिकचं चिन्ह, मोठा एल आणि १ असा पर्याय द्यायचा, सगळं जोडून (lsof +L1). म्हणजे ज्या फाइलींचं डिरेक्टरीत एकही नाव उरलेलं नाही पण कुठलीतरी प्रोसेस अजून उघडून बसलीये तेवढ्याच फाइली दाखव. आणि ती आलीच. जावाची प्रोसेस, लॉग फाइल, शेवटी कंसात 'डिलीटेड', आणि साइज म्हणजे नुसते जीबीच जीबी. डीएफ आणि डीयूमधला फरक जवळजवळ तेवढाच.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिक्समध्ये फाइल वेगळी आणि फाइलचं नाव वेगळं, थॉम्पसन आणि रिची यांनी बेल लॅब्समध्ये सुरुवातीच्या काळात मांडलेली रचना आहे ही आणि लिनक्सने तशीच उचलली. आरएम (rm, फाइल उडवायची कमांड) फक्त नाव काढतं. खरा मजकूर आयनोडला (फाइलसिस्टिममधली त्या फाइलीची नोंद) बांधलेला असतो आणि तो तेव्हाच सुटतो जेव्हा एकही नाव उरत नाही आणि एकाही प्रोसेसने ती फाइल उघडी धरलेली नसते. डीयू दारावरच्या पाट्या वाचत गल्लीभर फिरतं, पाटी काढून टाकलेल्या घरात माणूस अजून राहतोय हे त्याला कळणारच नाही. डीएफ कुठेही फिरत नाही, ते थेट फाइलसिस्टिमला विचारतं की किती ब्लॉक वापरात आहेत. म्हणून दोघांचं पटत नाही. आणि हा बग नाहीये बरं का, यावर बऱ्याच प्रोग्रामची टेम्पररी फाइल चालते, उघडायची आणि लगेच नाव पुसायचं, म्हणजे प्रोग्राम मेला तरी मागे कचरा राहत नाही. चालू असलेल्या प्रोग्रामची लायब्ररी अपडेटमध्ये बदलता येते तीसुद्धा याच्यामुळेच.

मग प्रश्न उरला की लॉग उडवतंय कोण. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) बघितला. त्यात एक छोटी स्क्रिप्ट, रोज रात्री लॉग ठरावीक साइजच्या वर गेला की सरळ आरएम. ॲपला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, ते त्याच बिननावाच्या फाइलीत लिहीत राहिलं. लॉगचा फोल्डर सकाळी एकदम चकाचक, त्यामुळे स्क्रिप्ट उत्तम चाललीये असा सगळ्यांचा समज. आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव. ओळखा कुणाचं.

म्हणजे बघा, माणूस रात्रभर बसून फॉरमॅट करायचा, आणि नंतर बॅकअपमधून तीच स्क्रिप्ट, तोच क्रॉन, जसाच्या तसा परत टाकायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी त्याला एलएसओएफची ती ओळ दाखवली. तो म्हणाला "म्हणजे करप्टच आहे ना" आणि मी काही बोलायच्या आत रीबूट मारला. आता रीबूट झाला म्हणजे प्रोसेस मेली, प्रोसेस मेली म्हणजे फाइल सुटली, डिस्क अर्धी मोकळी. साहेबांना मेल गेला की रीस्टार्टने प्रश्न सुटला! वर मला ऐकवलं, "बघ, झालं ना, तुझं एलएसओएफ कशाला हवं होतं". मी म्हटलं झालं ते ठीक आहे पण काय झालं ते सांगा. त्यावर "चालतंय ना? मग झालं". स्क्रिप्ट बदलू द्या म्हटलं तर चालू स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

परत भरला तेव्हा तो रजेवर होता. मी भर दुपारी ॲप बंद न करता जागा मोकळी केली. प्रॉकमध्ये (/proc, चालू प्रोसेसची माहिती दाखवणारा फोल्डर) त्या प्रोसेसच्या नंबरचा फोल्डर असतो, त्यात एफडी (fd) नावाचा फोल्डर, त्यात एलएसओएफने दाखवलेला डिस्क्रिप्टरचा, म्हणजे उघड्या फाइलीचा, नंबर. त्या फाइलीवर रिकामं रीडायरेक्ट मारलं की फाइल शून्य होते आणि डीएफ लगेच खाली येतं. मग ती स्क्रिप्ट काढून लॉगरोटेट (जुने लॉग नीट बाजूला काढणारा प्रोग्राम) लावलं, कॉपीट्रंकेट टाकून, म्हणजे लॉगची कॉपी काढून मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करायची, कारण त्या ॲपला सिग्नल देऊन फाइल बदलायला लावायची सोय नव्हती. कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात दोनचार ओळी हरवू शकतात, आम्हाला चालणार होतं. त्यानंतर तो सर्व्हर पुन्हा कधी भरला नाही. सिनिअरचं आजही म्हणणं असं की नंतर ॲपचं नवीन व्हर्जन आलं म्हणून थांबलं. असो.

आता तुमचं. तुम्ही कुठलं डिस्ट्रो (उबंटू, डेबियन वगैरे), कुठली फाइलसिस्टिम, काही लिहिलेलं नाही, तेव्हा अंदाजानेच सांगतोय.

आधी डीएफ -एच (df -h) मारा आणि नेमकं कुठलं पार्टिशन भरलंय ते बघा. 'डिस्क भरली' हे काही उत्तर नाही. फक्त /बूट (/boot, लिनक्स सुरू करणाऱ्या फाइलींची जागा) भरलं असेल तर जुने कर्नल साठलेत, ते आरएमने हाताने उडवू नका, पॅकेज मॅनेजरला काढू द्या, उबंटू-डेबियनवाल्यांना ऑटोरिमूव्ह आहेच. रूट भरलं असेल तर पुढे.

मग डीएफ -आय (df -i). हे लोक बघतच नाहीत. जीबी मोकळे असतील पण आयनोड संपले असतील तरी मेसेज अगदी तोच येतो. एक्स्ट ४ मध्ये आयनोड किती ते फॉरमॅट करतानाच ठरतं, साधारण दर १६ केबीला एक, आणि नंतर त्याच साइजच्या पार्टिशनवर वाढवता येत नाहीत. कुठेतरी सेशनच्या किंवा कॅशेच्या लाखो बारीक फाइली पडल्या असतील त्या शोधा. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये आयनोड लागतील तसे बनतात, तिथे ही भानगड सहसा येत नाही.

जागाही आहे, आयनोडही आहेत, तरी एखादा एडिटर किंवा सिंकवाला प्रोग्राम जागा नाही म्हणून रडतोय? तर तो डिस्कबद्दल बोलतच नाहीये. फाइली बदलल्या की प्रोग्रामला कळवणारी आयनोटिफाय (inotify) ही कर्नलची सोय आहे, तिचे वॉच संपले तरी कर्नल तोच एरर कोड परत देतो. सिसीटीएलमध्ये (sysctl, कर्नलची सेटिंग्ज बदलायची कमांड) मॅक्स युझर वॉचेसचा (fs.inotify.max_user_watches) आकडा वाढवा. यासाठी मशीन फॉरमॅट केलेले लोक मी पाहिलेत.

रूटला लिहिता येतंय आणि तुम्हाला नाही, असं असेल तर एक्स्ट ४ डीफॉल्टने ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं हे कारण. १ टीबीवर जवळजवळ ५० जीबी होतात. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ट्यूनटूएफएसने (tune2fs) १ टक्का करा, सिस्टिमच्या पार्टिशनवर मात्र राहू द्या, डिस्क भरल्यावर रूटला निदान आत शिरता तरी येतं.

बाहेरची डिस्क माउंट करून (एखाद्या फोल्डरला जोडून) बॅकअप घेत असाल तर हे पण बघा. एखाद्या दिवशी डिस्क माउंट झालीच नाही आणि स्क्रिप्टने बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या रूटवरच ओतला. नंतर डिस्क माउंट झाली की तो ढीग तिच्या खाली झाकला जातो आणि डीयूला दिसत नाही. रूट दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट करून (mount --bind, म्हणजे तोच फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवून) तिथे डीयू चालवा, सापडेल. बीटीआरएफएस असेल तर स्नॅपशॉट (त्या त्या वेळची जपून ठेवलेली प्रत) बघा, जोपर्यंत जुन्या स्नॅपशॉटमध्ये फाइल आहे तोपर्यंत तुम्ही कितीही उडवा, जागा सुटत नाही. आणि जर्नलला उगाच शिव्या घालू नका, सिस्टिमडीचा जर्नल (सिस्टिमचा लॉग) डीफॉल्टने फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांच्या आणि जास्तीत जास्त ४ जीबीच्या आतच राहतो.

ग्राफिकल लॉगिन पासवर्ड घेऊन परत त्याच स्क्रीनवर येत असेल तर तेही बऱ्याचदा डिस्क भरल्यामुळेच. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, टेक्स्ट कन्सोलवर लॉगिन करा, तिथून साफसफाई. आणि कुणी कुठेही सांगितलं तरी चिडून रूटवर रिकर्सिव्ह चेमॉड ७७७ (chmod, सगळ्या फाइलींच्या परमिशन सगळ्यांना खुल्या करणं) मारू नका. जागेचा आणि परमिशनचा काडीचा संबंध नाही, वर सुडो आणि एसएसएच दोन्ही रुसतील आणि मग मात्र मित्राचा सल्ला खरा ठरेल.

हो, आणि हे आधी विचारायला हवं होतं: फाइली उडवल्या म्हणजे फाइल मॅनेजरमधून डिलीट केल्या का? ट्रॅश रिकामा केलात? होममध्ये डॉट लोकल, शेअर, ट्रॅश, तिथे सगळं जसंच्या तसं बसलेलं असतं. डेस्कटॉप असेल तर माझ्या मते तुमचं उत्तर बहुधा हेच, वरचं पुराण सोडून द्या.

फॉरमॅट कधीच नको असंही नाही. मशीनमध्ये कुणी घुसलंय अशी रास्त शंका असेल तर पुसून नव्यानेच इन्स्टॉल करावं, तिथे मी वाद घालणार नाही. आयनोड कायमच कमी पडणार असतील तरी आकडा वाढवून फॉरमॅट करावं लागेल. पण डीमेसेजमध्ये आयओ एरर दिसत असतील तर डिस्कच मरतेय, तिथे फॉरमॅटचा काही उपयोग नाही, आधी डेटा बाहेर काढा. आणि तो प्रॉकमधून फाइल शून्य करायचा प्रकार फक्त लॉगवर करायचा, डेटाबेसच्या फाइलीवर केलात तर डेटा गेला, मला विचारायला येऊ नका. खात्री नसेल तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. सर्व्हिस म्हणतोय, अख्खं मशीन नाही.

डीएफ -एच, डीएफ -आय आणि रूट होऊन चालवलेल्या त्या एलएसओएफचं आउटपुट इथे टाका, फाइलसिस्टिम कुठली तेही लिहा, मग नीट सांगता येईल. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको, मजकूर कॉपी करून टाका.