पार्ल्याची पोटनिवडणूक आणि त्यानंतरचा मतदारसंघ

तुम्ही विचारलंय की विलेपार्ले विधानसभा मतदारसंघाचा राजकीय इतिहास काय, आणि जुनी माणसं 'पार्ल्याची ती पोटनिवडणूक' म्हणतात तिचं एवढं महत्त्व कशासाठी. माझं बालपण पार्ले पूर्वेला गेलं. १९८७ साली मी आठवीत होतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

मतदान १३ डिसेंबर १९८७ ला, रविवारी झालं. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे, जनता पक्षाचे प्राणलाल व्होरा आणि शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू अशी लढत होती. प्रभू तेव्हा मुंबईचे महापौर होते. सेनेला त्या वेळी पक्ष म्हणून मान्यता नव्हती, म्हणून कागदोपत्री ते अपक्ष होते. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण भाजपचा पाठिंबा सेनेला नव्हता, व्होरांना होता.

आमच्या घरात आजोबा जुने समाजवादी, त्यांचं मत व्होरांना. काका संध्याकाळी ऑफिसातून आला की चहा घेऊन थेट सेनेच्या शाखेत. आठवडाभर दोघं एका ताटलीतली भजी खायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत, आजी मध्ये निरोप्या. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर 'गर्व से कहो हम हिंदू हैं' असं भिंतभर रंगवलं होतं. मराठी माणसाच्या नोकऱ्यांबद्दल बोलणारी सेना मत मागताना हिंदुत्वाची भाषा बोलतेय, हे आजोबांना सगळ्यात जास्त खटकलं होतं. १४ तारखेला निकाल लागला. प्रभू जिंकले.

पुढचं राज्याचं राजकारण बऱ्याच अंशी या निकालाने वळवलं. हिंदुत्वाच्या मुद्द्यावर मतं मिळतात हे भाजपलाही दिसलं, आणि १९८९ मध्ये सेना-भाजप युती झाली. पार्ल्यात ज्यांच्या विरोधात प्रचार केला होता, त्यांच्याच बरोबर भाजप दोन वर्षांत बसला.

दुसरीकडे कुंटे कोर्टात गेले. बाळासाहेब ठाकरे यांची प्रचारातली भाषणं, त्यातलं एक ९ डिसेंबरचं खारदांड्याच्या शंकर मंदिराजवळचं, पुरावा म्हणून पुढे आली. (खारदांडा आता या मतदारसंघात नाही, सीमा बदलल्या.) धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये प्रभूंची निवड रद्द केली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर १९९५ ला न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

इथे मी जरा थांबतो, कारण या निकालाबद्दल लोक सर्रास अर्धंच सांगतात. 'हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच निकालात पार्ल्याची निवड रद्दच राहिली! न्यायालयाचं म्हणणं असं की नुसता 'हिंदुत्व' शब्द वापरला म्हणून धर्माच्या नावाने मत मागितलं असं आपोआप होत नाही, कोणत्या संदर्भात वापरला ते पाहायचं. आणि पार्ल्यातल्या भाषणांमध्ये उघडपणे धर्माच्या नावाने मत मागितलेलं होतं. प्रभू हरले. ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही पुढे १९९९ च्या आदेशाने सहा वर्षांसाठी गेला. प्रभूंचा निकाल आला त्याच दिवशी, ११ डिसेंबर १९९५ ला, सेनेचे मनोहर जोशी यांची दादरची १९९० ची निवड मात्र न्यायालयाने वैध ठरवली, आणि ते त्या वेळी मुख्यमंत्री होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

मला खरा राग येतो तो उशिराचा. १९८७ च्या निवडणुकीचा शेवटचा निकाल आठ वर्षांनी लागला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या.

पार्ल्याशेजारच्या सांताक्रूझचंही असंच. तिथल्या १९९० च्या निवडणुकीवरून निघालेला अभिराम सिंह खटला सात न्यायाधीशांपुढे जाऊन २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन मतांनी निकालात निघाला: उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्याही धर्म, जात, भाषेच्या नावाने मत मागता येणार नाही. १९९५ च्या हिंदुत्वाच्या व्याख्येला मात्र त्या पीठाने हात लावला नाही.

नंतरचा इतिहास थोडक्यात. १९९९ मध्ये सेनेचे विनायक राऊत इथून आमदार झाले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर (आता क्रमांक १६७) २००९ ला काँग्रेसचे कृष्णा हेगडे निवडून आले. २०१४ ला युती तुटली, दोन्ही पक्ष वेगळे लढले आणि भाजपचे पराग अळवणी जिंकले. २०१९ आणि २०२४ लाही तेच. २०२४ च्या लोकसभेला उत्तर मध्य मुंबईत काँग्रेसच्या वर्षा गायकवाड जिंकल्या, पण पार्ल्यात आघाडी भाजपचे उज्ज्वल निकम यांना होती.

काका अजून स्वतःला शिवसैनिक म्हणवतो. २०२४ ला त्याने भाजपच्या विरोधात, उद्धव ठाकरे यांच्या सेनेला मत दिलं आणि घरी आल्यावर बराच वेळ आजोबांच्या खुर्चीत बसून होता.